सुपरचार्जर घरात येऊन पडलाय, आता गाडी कुठली बघू?

चोर्लावीर, बेळगाव

नमस्कार मंडळी. लोक आधी गाडी घेतात मग तिला काय काय लावायचं ते बघतात, माझं उलट झालंय. पुण्यात एका भंगारवाल्याकडं ठोकलेल्या मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसरचं इंजिन उघडून पडलं होतं, त्याचा सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर, मी घेतलो. ईटनचा एम४५. रोटर हातानं फिरवून बघितलो, कुठं घासत नाही, बेअरिंगचा आवाज नाही, गिअरकेसमधलं तेल मात्र डांबर झालंय, ते बदलायला लागणार. घरी आणून टेबलावर ठेवलोय तर आई विचारायल्या, एवढं मोठं मिक्सर कशाला आणलास म्हणून.

तर ह्याला एक जुनी गाडी पाहिजे. रोजच्याला स्विफ्ट आहे, ही फक्त रविवारी पहाटे, चोर्ला नाहीतर आंबोली घाटात. ड्राइव्ह मागच्या चाकांना पाहिजे, दिसायला जरा ऐट पाहिजे, कार्ब्युरेटर असला तरी चालतंय आणि इंजेक्शन करायचीही तयारी आहे. बजेट सगळं धरून सहा-सात लाख, त्याच्या पुढं गेलो तर गाडीतच झोपायला लागेल. डोक्यात असलेली नावं: स्टँडर्ड हेराल्ड, प्रीमिअर ११८ एनई, कॉन्टेसा, आणि स्वप्नात इंग्लंडची एमजीबी. एक सॅन स्टॉर्म पण विकायला आहे असं कानावर आलंय. तुम्ही काय घेतला असता? आणि टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा, लाव म्हणून सांगू नका, मला तो कुईंऽऽ आवाजच पाहिजे.

निपाणीचा नाना

टर्बो लाव.

निपाणीचा नाना

बरं बरं, चिडू नको. पण एक सांग भावा, स्पोर्ट्स कार म्हणतोस आणि यादीत ११८ एनई? ती आमच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांची गाडी होती की रं, पांढरी, मागच्या काचेत टिश्यूचा डबा. स्पोर्ट्स कार म्हंजे दोन शिटा न् वर ताडपत्री. तुझी स्वप्नातली एमजीबी सोडली तर यादीत ती एकच हाय, सॅन स्टॉर्म.

चोर्लावीर, बेळगाव

नाना, स्टॉर्मची ड्राइव्ह पुढच्या चाकांना आहे आणि इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. बॉडी फायबरग्लासची, म्हणजे गंज नाही हे खरं. पण हेडलाइट फुटला नाहीतर पुढची काच तडकली तर आणायचं कुठनं? बनवल्याच थोड्या.

उद्यमबाग टर्नर

गाडीचा विचार दिसण्यावरनं करू नका, आधी ब्लोअरचा हिशोब मांडा, निम्मी यादी आपोआप गळते.

एम४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच हवा, आपल्या भाषेत ७३७ सीसी. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणून एका फेऱ्याला त्याच्या सीसीच्या निम्मी हवा धरायची. कॉन्टेसाचं इसुझू इंजिन १८१७ सीसी, म्हणजे फेऱ्याला ९०८. त्याला साधारण १.४ पट हवा द्यायची म्हटलं तर ब्लोअर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, १.७ पट फिरवायला लागतो. साडेपाच हजार आरपीएमला ब्लोअर साडेनऊ हजारच्या आत राहतो, त्याला काही होत नाही, आरामात आहे. ११८ एनईचं निसानचं इंजिन ११७१ सीसी, फेऱ्याला ५८५, तिथं ब्लोअर जवळजवळ क्रँकच्या बरोबरीनं फिरवला तरी पुरतो. आता हेराल्ड, पहिली ९४८ सीसी वाली, फेऱ्याला ४७४. तिच्यावर हाच ब्लोअर क्रँकपेक्षा हळू फिरवायला लागतो, आणि रूट्सची, म्हणजे ह्या जातीच्या ब्लोअरची, गंमत अशी की रोटर एकमेकांना न् केसिंगला टेकत नाहीत, मधे बारीक फट असते, हळू फिरवला की त्या फटीतनं हवा मागं पळते. खालच्या आरपीएमला काहीच मिळणार नाही. हेराल्डला जपानच्या छोट्या गाड्यांवर यायचा तो आयसिनचा एएमआर ५०० बरोबर बसतो, फेऱ्याला ५०० सीसी. तुमच्याकडं आहे तो नव्हे.

रूट्स हे कुणा गाडीवाल्याचं नाव नव्हे बरं का. अमेरिकेत इंडियानामधले दोघे भाऊ रूट्स, १८६० चं पेटंट, गाडी अजून जन्माला यायची होती. भट्टीला हवा मारायला वापरायचे. साखर कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडायला आजपण तसलाच ब्लोअर असतो, दोन-तीन लोबचा, त्याचा शाफ्ट आमच्या दुकानात दुरुस्तीला आला की ओळखू येतो. तो आत हवा दाबत नाही, नुसती उचलून पुढं ढकलतो. पुढं जागा नाही म्हणून दाब तयार होतो, आणि म्हणूनच हवा तापते पण जास्त. हे लक्षात ठेवून पुढचं बघा.

पुली मी करून देतो. सहा रिबचा पॉली-व्ही बेल्ट धरा, जुन्या गाडीचा एकच व्ही बेल्ट ब्लोअरला पुरत नाही, घसरून जळतो. ब्लोअर फिरवायलाच इंजिनाची दहा-पंधरा हॉर्सपॉवर जाते, ती सगळी त्या बेल्टमधनं.

टिळकवाडीची अनु

टर्नर काकांचा हिशोब बरोबर आहे, मी फक्त पुढची अर्धी गोष्ट घालते. हवा किती जाते ह्याच्याइतकंच ती कशावर दाबली जाते हे महत्त्वाचं. इंजिनाचं मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे ते हवा किती पट दाबतं ते, ८.५ असेल आणि वरनं ६ पीएसआय दिलं तर ढोबळ हिशोबानं ते १२ च्या इंजिनासारखं वागायला लागतं. ९१ ऑक्टेनवर ते नॉकिंग करणार, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून खडखडणार, आणि जुन्या इंजिनात नॉक सेन्सर नसतो, तुमचे कान हाच सेन्सर, आणि वर ब्लोअर कुईं करत असताना ते ऐकू येणार नाही. पिस्टनच्या लँड, म्हणजे रिंगांमधल्या कडा, तुटल्यावरच कळतं.

म्हणून गाडी निवडताना मी तीन गोष्टी बघितल्या असत्या. क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंग किती, हेड कशाचं, आणि इंजिन बांधायला सामान मिळतं का. पद्मिनीला तीन मेन बेअरिंग, हेराल्डला तीन, ११८ एनईला पाच, इसुझूला पाच. तीन बेअरिंगचा क्रँक दाबाखाली वाकतो, तो वाकला की मधलं बेअरिंग पहिलं जातं. इथं माझ्या यादीत दोनच गाड्या उरतात.

आणि मिळणारी ताकद किती ह्याचा पण भ्रम नको. ५-६ पीएसआयला तीसएक टक्के धरा. ११८ एनई ५२ हॉर्सपॉवर होती नवी असताना, ती ७० च्या आत-बाहेर जाईल. तुमची स्विफ्ट काहीही न करता त्याच्यापेक्षा जास्त देते. कॉन्टेसा ८८ हॉर्सपॉवरची होती, ती ११५ पर्यंत गेली तर मजा आहे, पण वजन पण तसंच आहे तिचं.

चोर्लावीर, बेळगाव

अनुताई, स्विफ्टला हरवायला नाही करायलोय मी.

टिळकवाडीची अनु

सगळे असंच म्हणतात.

कॉव्हेंट्रीचा शहापूरकर

बेळगाव सोडून बरीच वर्षं झाली पण ह्या धाग्यावर गप्प बसवेना. मी राहतो त्या इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीतच ट्रायम्फचा कारखाना होता, त्यामुळे इकडे रविवारी प्रत्येक दुसऱ्या गॅरेजमध्ये कुणीतरी स्पिटफायरखाली झोपलेलं असतं.

स्वप्नातल्या एमजीबीबद्दल. १९६२ ते १९८०, १७९८ सीसी, ९५ हॉर्सपॉवर. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांना तीन बेअरिंग, १९६४ च्या शेवटापासून पाच. इकडे ब्लोअर लावणारे डोळे मिटून पाच बेअरिंगवाली घेतात. पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या त्यामुळे नवीन बॉडीशेलसुद्धा विकत मिळते. त्या इंजिनाची खोड अशी की हेडला इनटेकची तोंडं दोनच, दोन-दोन सिलिंडर मिळून एक, त्यामुळे स्वतःहून ते खोल श्वास घेत नाही. ब्लोअरनं त्यालाच जास्त फायदा होतो, म्हणून तर इकडे एम४५ लावलेल्या एमजीबी बऱ्याच दिसतात. बहुतेक ब्लोअर बीएमडब्ल्यूच्या पहिल्या मिनी कूपर एसमधून काढलेले असतात. मिनीचा घेतला तर एक भानगड आहे, त्याच्या मागच्या टोकावरून त्या गाडीचा वॉटर पंप फिरायचा, ते तोंड बंद करावं लागतं. तुझा मर्सिडीजचा आहे, तुला तो त्रास नाही.

ट्रायम्फची टीआर ६ सुंदर आहे, सहा सिलिंडर, २४९८ सीसी, पण क्रँकचे थ्रस्ट वॉशर पडतात हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं. स्पिटफायर १५०० चा क्रँक तर ब्लोअरशिवायच कुरकुरतो. खरं सांगायचं तर इकडे कुणी शहाणा माणूस मला विचारतो तेव्हा मी माझदा एमएक्स ५ सांगतो, १९८९ पासूनची, १.६. इंजेक्शन आहे, खालचं इंजिन दणकट आहे, अमेरिकेत जॅक्सन रेसिंगवाले हाच एम४५ तिच्यासाठी किट करून विकायचे. फक्त १.६ चा डिफरन्शियल नाजूक.

पण हे सगळं इकडचं. तिकडे आणायची म्हटलं की जहाज, ड्यूटी, कागद, आणि तुझे सहा लाख बंदरातच संपतील.

एक गोष्ट मात्र तुला तिथे बसून मिळेल. एमजीबीचं इंजिन बीएमसीच्या बी सिरीजचं, आणि आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसी पण त्याच घरातलं. एमजीए ह्या स्पोर्ट्स कारमध्ये १९५५ ला हेच १४८९ होतं. आपल्याकडं लग्नाची वरात ओढणारं इंजिन इकडं उघड्या गाडीत शर्यत पळत होतं.

निपाणीचा नाना

म्हंजे अँबेसेडरला ब्लोअर! मिटला विषय.

उद्यमबाग टर्नर

नाना, अँबेसेडरच्या त्या १४८९ ला तीनच बेअरिंग.

पण शहापूरकरांनी बरी आठवण काढली. चोर्लावीर, कॉन्टेसा बघायला गेलात तर बोनेट उघडल्याशिवाय पैशाचं बोलू नका. १९८४ ला आली तेव्हाच्या पहिल्या कॉन्टेसात हेच अँबेसेडरचं १४८९ सीसी होतं, ५० हॉर्सपॉवर, एवढी मोठी गाडी न् घाटात ट्रकच्या मागं. इसुझू नंतर आलं, त्याला पाच गिअर. विकणारे सगळेच "क्लासिक" म्हणतात. मागच्या बाजूचा १.८ चा बिल्ला काय कोणपण चिकटवतंय.

गोकाकचा बसू

नमस्कार री सगळ्यांना. माझं मराठी जरा असंच आहे, संभाळून घ्या. आमच्या मामांच्याकडं सिपानी डॉल्फिन होती, बेंगलोरची, फायबर बॉडी, रिलायंटचं ८४८ सीसी अॅल्युमिनियम इंजिन. दोन दाराची, हलकी केवढी म्हणता, रॅलीत मोठ्या गाड्यांना पाणी पाजायची. तिला पण कोणी तरी विचारा की. कर्नाटकची गाडी आहे री.

चोर्लावीर, बेळगाव

बसू अण्णा, डॉल्फिन मिळाली तर मी ब्लोअर विकून तिला नुसती पुसत बसेन. मामांची आहे का अजून?

गोकाकचा बसू

नाही री. केव्हाच कोंबड्या बसल्या तिच्यात. नंतर भंगारात.

फॉर्म अठ्ठावीस

मंडळी इंजिनातच गुंतलीत, कागदाचं कोणी बोलत नाही. हा माझा रोजचा धंदा आहे म्हणून सांगतो, रागावू नका.

एक. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं जे बनवलं आणि आरसीवर जे लिहिलंय त्याच्या विरुद्ध जाणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलं. ब्लोअर लावून ताकद वाढवली ती गाडी रस्त्यावर कायदेशीर नाही, आणि उद्या घाटात काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं बोनेट उघडतो. तुम्ही ती ट्रेलरवर घालून चेन्नई, कोइंबतूरच्या ट्रॅकवर नेणार असाल तर प्रश्न वेगळा. चोर्ला ट्रॅक नाही.

दोन. हेराल्ड घेणार असाल तर जास्त विचार करा. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, फी २० हजार, दहा वर्षांची. भारतातल्या बहुतेक हेराल्ड त्यात बसतात. पण अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन मूळ पाहिजे. ब्लोअर लावला की ती सोय गेली. शिवाय त्या नोंदणीवर रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.

तीन, आपल्या भागाचं खास. गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडं गाड्या स्वस्त दिसतात, एमएच ०९. शिनोळीपासनं आपलं गाव हाकेवर, पण राज्य बदललं. बारा महिन्यांच्या वर गाडी इकडं ठेवायची तर तिकडची एनओसी, फॉर्म २८, इकडं नवीन नंबर, आणि कर्नाटकाचा लाइफ टॅक्स. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे फिटनेस न् ग्रीन टॅक्स वेगळा. किंमत विचारताना हे सगळं त्यात धरा, नाहीतर चाळीस हजार वाचवायला जाऊन वर्षभर दोन आरटीओंच्या मधे फिराल.

खानापुरी हेराल्ड

मी इतका वेळ वाचतोय आणि माझा जीव खालीवर होतोय. माझ्याकडे हेराल्ड आहे, वडिलांची, मद्रासला बनलेली, दोन दाराची. तुम्हाला माहीत आहे का ती काय चीज आहे? सगळं बोनेट मडगार्डसकट पुढं उघडतं, टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. रॅक अँड पिनियन स्टीअरिंग, खडेबाजारात एका दमात वळते. इंग्लंडात ह्याच चेसिसला आखूड करून स्पिटफायर बनवली. म्हणजे भारतात बनलेल्या गाड्यांत खऱ्या स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण कुठली असेल तर हीच. अशा गाडीचा मॅनिफोल्ड कापून त्यात मर्सिडीजचं भंगार कोंबायचं? उरलेल्या किती आहेत? ज्याला कुईं ऐकायचंय त्यानं बंगलोरच्या बसला उभं राहून ऐकावं.

टिळकवाडीची अनु

काका, कुणी तुमच्या गाडीला हात लावत नाहीये. आणि यांत्रिक बाजूनंही तुमचंच बरोबर आहे, तीन बेअरिंग, जुन्या हेराल्डला चारी ड्रम ब्रेक, मागे स्विंग अॅक्सल. वळणात मधेच अॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं. तिला जास्त वेग देणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पण जुन्या गाडीला ब्लोअर हे पाप असं मात्र नाही. १९३३ ला इटलीचा नुवोलारी अल्स्टरची टीटी शर्यत जिंकला ती एमजी के ३ ब्लोअरवालीच होती, आणि एमजीएच्या काळात शोरॉक, जडसनची किटं दुकानात विकत मिळायची.

कॉव्हेंट्रीचा शहापूरकर

त्याच्या उलट बेंटली. साडेचार लिटरच्या बेंटलीला रेसर बर्किननं क्रँकच्या नाकावर हा एवढा ब्लोअर बसवला, जगभर तिची चित्रं लागली, पण ल मान्सची शर्यत ती कधी जिंकली नाही. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलीचा त्याला विरोध होता, त्याचं म्हणणं ताकद पाहिजे तर इंजिन मोठं करा. म्हणजे हा वाद खानापूरच्या काकांनी सुरू केलेला नाही, शंभर वर्षं होत आली त्याला.

आंबोली धुकं

माझा एक प्रश्न आणि एक भर. भर अशी की बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा गोव्यापेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास विरळ. साधी गाडी इथं तेवढी ताकद गमावतेच. ब्लोअर १.४ पट करत असेल तर इथं गेजवर ५.४ पीएसआय दाखवेल आणि चोर्ला उतरून गोव्यातल्या साखळी गावाला गेलात की तीच पुली ५.९ दाखवेल. वर खाली उकाडा. म्हणजे बेळगावात थंड सकाळी ठिणगीचं टायमिंग अगदी काठावर लावून ठेवलंत तर गोव्यात दुपारी ती गाडी खडखडणार. ट्यूनिंग खाली उतरून करा, वर आपोआप सुरक्षित राहतं. कार्ब्युरेटर ठेवलात तर मिश्रण पण तसंच बदलतं, वर ऐसपैस श्रीमंत (पेट्रोल जास्त), खाली गरीब (पेट्रोल कमी).

प्रश्न असा की ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलचं, काय? जुन्या गाड्यांचे पाइप खातंय म्हणतात.

टिळकवाडीची अनु

हा मुद्दा फार कामाचा काढलात, मीही गोव्याचा विचार केला नव्हता.

ई२० ह्या कामाला चांगलं पण आहे आणि वाईट पण. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, शिवाय वाफ होताना ते हवा थंड करतं. ब्लोअरच्या तापलेल्या हवेला नेमकं तेच पाहिजे. वाईट असं की इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, ई२० ला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर इंजिन आधीच गरीब चालतंय, त्यात ब्लोअर लावला तर पिस्टनला भोक. जेट मोठे करायलाच लागतात. आणि रबराचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम, फ्लोटची सुई काढून व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, घालायचं. टाकीत गंज असेल तर तो पण सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पाणी धरतं ते वेगळंच.

निपाणीचा नाना

आमच्याच उसाचं दारू करून आमच्याच पायपा खायालंय. चालू दे.

उद्यमबाग टर्नर

आता कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी का नंतर, हे पण ठरवायला लागतं. आधी ठेवला तर ब्लोअर त्यातनं ओढतो, सोपं काम, पेट्रोलच्या वाफेनं हवा गार होते, जुना मेकॅनिकल पंप चालतो. पण मग इंटरकूलर लावता येत नाही, आणि कार्ब्युरेटर ते हेड सगळा रस्ता पेट्रोलच्या मिश्रणानं भरलेला, एक बॅकफायर झाला की ब्लोअरच्या ठिकऱ्या. जास्तीचा दाब सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह घातल्याशिवाय करायचं नाही. नंतर ठेवला तर कार्ब्युरेटर सगळीकडनं हवाबंद करायचा, पेट्रोलचा दाब बूस्टच्या बरोबरीनं वाढला पाहिजे, नाहीतर ऐन जोरात पेट्रोल उलट ढकललं जातं. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मेगास्क्वर्ट नाहीतर तसला आपण ट्यून करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, घ्या, चार इंजेक्टर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक वाइडबँड सेन्सर, डिस्ट्रिब्युटरला रामराम. पीएसआयला एक डिग्री टायमिंग मागं घ्यायचं तर स्प्रिंगा न् वजनं घासत बसण्यापेक्षा लॅपटॉपवर आकडा बदलणं बरं.

चोर्लावीर, बेळगाव

सगळ्यांचं वाचून यादी अशी झालीय. हेराल्ड खोडलो, खानापूरच्या काकांना सांगा निवांत झोपा म्हणून. स्टॉर्म खोडलो. एमजीबी शहापूरकरांच्या गावाला आलो तर बघून घेतो. ११८ एनई आणि कॉन्टेसा उरल्या. बायकोला दोघींचे फोटो दाखवलो, ११८ बघून म्हणाली हे आमच्या बँकेच्या मॅनेजरचं होतं. कॉन्टेसा बघून काही बोलली नाही, फोटो मोठा करून बघितली. मी समजलो.

आणि योगायोग म्हणजे संकेश्वरजवळ एका गुऱ्हाळाच्या मागं एक उभी आहे, केए २३, म्हणजे एनओसीची कटकट नाही. मालक १.८ म्हणायलेत. काल कामावरनं सुटल्यावर जाऊन आलो, टर्नर काकांनी सांगितल्यासारखं आधी बोनेट उघडलो. इसुझूच आहे. अनुताईंच्याकडचा कॉम्प्रेशन गेज घेऊन गेलो होतो, नवी बॅटरी लावून मारून बघितलो. पहिले तीन १४० च्या आसपास, चौथा ९५. त्यात चमचाभर तेल सोडून परत मारलो तर १२५ झाला. मालक २ लाख ८० म्हणायलेत.

टिळकवाडीची अनु

तेल घातल्यावर चढला म्हणजे रिंगा गेल्यात, व्हॉल्व्ह नव्हेत. चांगली बातमी आहे ही. असंही तुम्हाला इंजिन उघडायचंच होतं, पिस्टन बदलतानाच कॉम्प्रेशन ८ च्या जवळ आणून घ्या, क्राउनवरनं थोडं मशीन करून किंवा डिश असलेले पिस्टन शोधून. जाड हेड गॅस्केट घालून कमी करायच्या फंदात पडू नका, कडेची फट वाढली की नॉकिंग कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. पहिला महिनाभर ब्लोअर न लावता नुसतं इंजिन फिरवा. रिंगा बसू देत. ब्रेक, टायर, रेडिएटर त्या वेळात करा, ब्रेक आधी.

फॉर्म अठ्ठावीस

केए २३ आहे हे बरं झालं. पण आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतो का ते बघितलात का? बऱ्याच कॉन्टेसांत मधे डिझेल घातलेलं असतं आणि परत कुठनं तरी पेट्रोल आणून बसवलेलं असतं, कागद मात्र डिझेलचाच. फिटनेस कधी संपलाय ते पण बघा. कलम ५२ चं मी सांगून झालंय, परत सांगत नाही, तुम्ही मोठे आहात.

निपाणीचा नाना

२ लाख ८०? एक सिलिंडर मेलाय म्हणून तोंडावर सांग आणि दोनपासनं सुरू कर. गुऱ्हाळवाला माझ्या ओळखीचा निघंल, गावाचं नाव खाजगीत टाक. काकवी पण घेऊन येऊ.

उद्यमबाग टर्नर

किमतीचं नंतर. ही गाडी चेसिसवर नाही, मूळची व्हॉक्सहॉलची मोनोकॉक आहे, पत्राच सगळं वजन धरतो. गुऱ्हाळाच्या मागं उभी म्हणताय म्हणजे ओल आणि चिपाड. मॅट उचलून फ्लोअर बघितलात का? दाराखालचे सिल, डिकीत स्टेपनीच्या खालचा पत्रा, पुढं सस्पेन्शन जिथं बसतं ती जागा. स्क्रूड्रायव्हरनं टोचा, लाजू नका. आत गेला तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी सोडून द्या, दुसरी मिळेल. फोटो टाका, क्रँक पुलीचा पण एक, समोरनं आणि बाजूनं, रेडिएटर आणि पुलीच्या मधे किती जागा आहे ते पट्टी धरून.

चोर्लावीर, बेळगाव

मॅट नाही उचललो, अंधार पडला होता. इंजिन नंबर पण नीट वाचता आला नाही, वर मळीचा थर आहे. रविवारी परत जातोय. वायर ब्रश, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, पट्टी. नाना, गाव खाजगीत टाकलोय.

निपाणीचा नाना

बघितलो. मालक आमच्या मेव्हण्याचा साडू. रविवारी नऊला तवंदी घाटाच्या खाली थांबतो, रॉकेल घेऊन ये, मळी ब्रशनं निघत न्हाई.